बादलीची नोंद

तार एक्केचाळीस मीटर हवी.
माझं आवार अठ्ठावीस.
उरलेली तार
दोन्या एदेल्मिराच्या बटाट्यांवरून जाणार होती.

अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
कारण एक डुक्कर होतं.
डुक्कर त्याच हिवाळ्यात खाऊन संपलं,
कारण राहिलं.

म्हणून आधी दुसरे मार्ग चाळले.
वीस मीटरची, टोकाला जोडायची तार:
आवारात मावते,
चाळीसवर बोलते, वीसवर, दहावर,
ऐंशीवर मुकी.
आणि ऐंशीवर, रविवारी रात्री नऊला,
आयसेनच्या खोऱ्यातून रुपेर्तो बोलतो,
मेंढ्या, गुडघे, बर्फ,
याच क्रमाने.

दुमडून, वाकवून, नागमोडी,
कागदावर सगळं जमतं.
कागदावर वारा नसतो.
चिलोएत दुसरं काय असतं?

शेवटी टोपी हातात घेऊन तिच्या दारात.
"तुमच्या सायप्रसला दोरी बांधायची होती."
तिने चुलीवरची किटली सरकवली, माते पुढे केला.
"वीज येईल का त्यातून?"
"वीज नाही. आयसेन येईल."
"आणि डुक्कर?"
"डुक्कर नाही पाळत आता."
तिने खिडकीतून झाडाकडे पाहिलं,
जणू ते आजच उगवलं होतं.

गळाचं शिसं, नायलॉनचा दोरा,
मी हाताने फेकत राहिलो.
एकदा तिच्या कोंबड्यांत, दोनदा चिखलात,
एकदा माझ्याच पाठीमागे.
मग ती आत गेली
आणि दारामागच्या खिळ्यावरून गोफण घेऊन आली,
लोकरीची, गव्हावरचे पोपट हाकायची.
"बाजूला हो."
डोक्याभोवती दोन फेरे, तिसऱ्याला शिसं सुटलं,
शेंड्याखालच्या बेचक्यातून पार.
खांदा बहात्तर वर्षांचा.
मी म्हणालो, "वा."
ती म्हणाली,
"डुकरावर मारला तो मुद्दाम चुकवला होता."

या तारेला मध्यावर जोडत नाहीत.
मध्यावर जोडली की तिला एखादाच बँड रुचतो.
तिसऱ्या हिश्श्यावर जोडली,
इकडे साडेसत्तावीस, तिकडे साडेतेरा,
की ऐंशी, चाळीस, वीस, दहा,
चौघांशीही ती बरी वागते.
जोड नेमका कुंपणाच्या डोक्यावर आला.
मी तसं मोजलं नव्हतं, शपथ.
तिथे लुमाचा वासा रोवला आम्ही,
अर्धं बूड तिच्या हद्दीत.

ट्रान्सफॉर्मर जेवणाच्या डब्यात,
डब्याच्या तळाला भोक,
कारण पाणी आत शिरणारच,
त्याला बाहेरची वाट हवी.
इन्सुलेटर जुन्या भाजी चिरायच्या फळीचे.
अजून कांद्याचा वास मारतात.
केबलला खाली एक झोळ,
थेंब तिथून गळावेत, घरात नाही.
आणि सायप्रसकडच्या टोकाला पुली,
पुलीवरून दोरी, दोरीला बादली,
बादलीत समुद्राचे गोटे:
झाड हललं तर तार तुटू नये,
बादली वरखाली व्हावी.

पहिल्या मापात तार लांब निघाली.
कापू नये अशा वेळी, आधी दुमडून बघावी.
लांब बाजूची दोन वीत, आखूड बाजूची एक.
मी शिडीवर, ती खाली मीटर धरून,
चष्म्याशिवाय, ओरडत:
"काटा उतरला! थांब, चढला! तूच हललास!"

रविवारी नऊला ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली.
मी बोलणार नाही, म्हणाली.
रुपेर्तोचा आवाज आला, खरखरीतून,
ओल्या लाकडाने पेट घ्यावा तसा.
मेंढ्या झाल्या. गुडघे झाले.
बर्फाआधी तिने मला कोपर मारलं:
"विचार, तिकडे निळे बटाटे काय भावाने?"
भाव ऐकून हसली.
लुबाडतायत त्याला, म्हणाली.

आता रोज सकाळी कुंपणावरून हाक येते:
"काल रात्री बादली माझ्या गुडघ्यापर्यंत चढली!"
किंवा, "आज जमिनीला टेकली, मेली."
माझ्या नोंदवहीत तारीख, वेळ, बँड, आवाजाची ताकद,
आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना,
इतकी वर्षं कोराच असायचा.
तिथे मी लिहितो: गुडघा.