लिंबू, शिडी, मखमल

रॉटरडॅमचं इस्पितळ, चौथा मजला.
माझी खुर्ची दोघांच्या मधे, जराशी मागे.
उजवीकडे डॉक्टर फेनस्ट्राबाई, डावीकडे दुरमुशकाका.
मी दुभाषी. नियम एकच :
पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

काकांचं तुर्की वाक्य निघतं
आणि क्रियापद ठेवतं शेवटच्या पायरीवर.
भाऊ, बंदर, पहाटेचं धुकं, जेवणाचा डबा...
सगळं हातात धरून मी थांबते,
कारण डबा नेला, विसरला, की पाण्यात पडला
हे अजून कळलेलं नसतं.
आणि 'नाही' असलंच, तर तेही त्या क्रियापदाच्याच पोटात.
डचला एवढा धीर नाही.

हातात मावतात तीन गोष्टी, फार तर चार.
पाचवी आली की पहिली घरंगळते,
आवाजसुद्धा होत नाही.
म्हणून मी पुटपुटते आतल्या आत,
धुकं-डबा, धुकं-डबा, ओठ न हलवता.
थांबले की दोन श्वासांत संपलं,
पाटीवरचं पाणी वाळतं तसं.

आज बाईंनी शब्द दिले तीन.
लिंबू, शिडी, मखमल.
मी ते पलीकडे नेले : लिमोन, मर्दिवेन, कदिफे.
काकांनी ते म्हणून दाखवले, पुन्हा म्हणून दाखवले.
"लक्षात ठेवा. थोड्या वेळाने विचारीन."

मग शंभरातून सात वजा.
काका म्हणाले, नव्वद-तीन.
डचमध्ये तीन आधी, नव्वद मागून.
मी आकडा उलटा करून समोर ठेवला.
ऐंशी-सहा. सहा-ऐंशी.
मग काका गप्प.
खिडकीबाहेर एक क्रेन सावकाश वळत होती.
"कशातून वजा करत होतो मी?"
हेही मी बाईंना विचारलं, 'मी' म्हणूनच.
शहाऐंशी त्या खोलीत होते,
दोघींकडे. तिसऱ्याकडे नव्हते.

दुरमुश म्हणजे राहिलेला.
आधीची तीन लेकरं गेली तेव्हा
आईने हे नाव ठेवलं.
बाहेर बाकावर त्यांनी मला सांगितलं होतं,
दोनदा, पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

"आता ते तीन शब्द."
काका ताठ बसले, कॉलर नीट केली.
"चार हजार चारशे ब्याऐंशी."

गोदीतला हजेरी क्रमांक. साल एकाहत्तर.
हातात वेल्डिंगची बंदूक, डोळ्यांवर काळी काच.
इतकं खणखणीत काही
मी या खोलीत कधी ऐकलं नव्हतं.
पोचवलं. बाईंनी कागदावर छोटीशी रेघ मारली.

मग काका माझ्याकडे वळले.
"पोरी, तुला आठवतात ना?
तूच तर दिलेस."

माझ्या जिभेखाली तिन्ही होते.
मी समोर बघितलं आणि डचमध्ये म्हटलं,
"पोरी, तुला आठवतात ना? तूच तर दिलेस."
फेनस्ट्राबाईंना कळायला क्षणभर लागलं.
मग त्या म्हणाल्या, "हो. तिला आठवतात."
मी काकांना म्हटलं, "हो. तिला आठवतात."
काकांचे खांदे सैल झाले.
कुणाकडे तरी आहेत म्हटल्यावर
त्यांना पुरलं तेवढं.

माझं काम विसरण्याचं आहे.
वाक्य पोचलं की हात रिकामा, पुढचं घ्यायला.
सकाळच्या बाईचं मूत्रपिंड होतं की गर्भाशय,
विचाराल तर शपथेवर सांगता येणार नाही.
पण संध्याकाळी ट्रॅम पुलावर चढली,
उतरली, दोन थांबे गेले,
आणि तिन्ही जागच्या जागी.
मागितले होते त्यांनी. मी दिले नाहीत.

कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले.
चेतिनने आत्ताच फोनवर सांगितलेल्या वस्तू
होत्या तीनच.
दुकानदार म्हणाला, "बोला."
माझा हात लिंबांच्या टोपलीवर होता.