बाहेर : कोरं

पहिल्या मोजणीत आमचे गुण निघाले उणे सत्त्याऐंशी.
शून्याच्याही खाली. शाळेत गणिताच्या बाईंनीसुद्धा
मला इतकं खाली जाऊ दिलं नव्हतं.
गेरिट म्हणाला, कुलूपच लावू या मग,
आणि शिट्टी वाजवत लेथकडे परत गेला,
कारण माल शुक्रवारी द्यायचा होता.

आम्ही अकरा माणसं. मस्कीगनच्या गोदीमागे
पत्र्याची शेड, आणि एक पितळी बुश,
अंगठ्याएवढा. तो कुठल्या विमानात बसतो
ते आम्हाला कुणी सांगत नाही.
ड्रॉइंगवर शिक्का असतो, तेवढं पुरे.
ते ड्रॉइंग आजवर मशीनलाच चिकटवलेलं असायचं,
तेलकट बोटांचे ठसे, कोपऱ्यात
कुणाच्या तरी सँडविचचा हिशेब.

एकशेदहा कलमं. पगाराचं मी बघते,
म्हणून सुरक्षा अधिकारीही मीच :
जिच्या कमरेला किल्ल्या, तिच्याच गळ्यात घंटा.
रात्री स्वयंपाकघरात बसून धोरणं लिहिली.
‘संस्था खात्री करून घेते की...’, ‘संस्था मर्यादा घालते...’
आणि संस्था म्हणजे लोकरी मोजे घातलेली मी,
गार झालेलं सूप, तळ्यावरून येणारं हिम.

पासवर्ड चौदा अक्षरांचे झाले.
डुएनचा आधीचा होता ‘मासे’. नुसतं मासे.
मागचं दार, जे जुलैभर विटेला टेकून उघडं असायचं,
त्याला कार्डाचं कुलूप बसलं.
वीट अजून तिथेच आहे.
ती कुठल्या कलमात बसते ते मला सापडलं नाही.

मग पाहुण्यांची वही.
पाहुणा म्हणजे वेंडेल टब्स. दुसरं येतंय कोण?
शेजारी बोटी दुरुस्त करायचा, आता रिकामा.
एकोणीस वर्षं रोज दहाला यायचा, आमची कॉफी प्यायचा
आणि ती वाईट आहे असं सांगून जायचा.
त्याच्या गळ्यात मी लाल बिल्ला अडकवला.
म्हटलं, लिही : नाव, कुणाकडे, कशासाठी.
तो बघत राहिला,
जणू मीच त्याच्या दारात आगंतुक उभी आहे.
मग लिहिलं, कारण : कॉफी.
नागरिकत्वाच्या रकान्यात : तुला माहीत आहे, रीका.

दुसऱ्या दिवशी येईल असं वाटलं नव्हतं. आला.
कारण : कॉफी. कारण : कॉफी.
कारण : सुधारली का ते बघायला.
पानंच्या पानं.

व्हर्जिनियाहून तपासनीस आली, मिस प्रुइट.
तीन दिवस. कागदावर आहे ते करून दाखवा, म्हणाली,
आणि करता ते कागदावर दाखवा.
गेरिटला विचारलं, उठताना स्क्रीन बंद करता?
‘ही ओरडते म्हणून करतो.’ तिने तेही टिपून घेतलं.
वही मात्र तिला आवडली.
इतक्या नेमाने कुणी सही करत नाही, म्हणाली.
आणि बोट एका ओळीवर थांबलं.
अकरा फेब्रुवारी. आत : दहा वाजून दोन मिनिटं.
बाहेर : कोरं.

त्या दिवशी मागच्या दाराने चौघे आले होते.
दार मिटू नये म्हणून गेरिटने पायाने वीट सरकवली.
स्ट्रेचर, ऑक्सिजन, ओले बूट.
त्यांची नावं कुणी विचारली नाहीत.
तीन नंबरचं मशीन बंद करायचं राहिलं,
ते आपलं बुश कापत बसलं.

‘हा पाहुणा केव्हा गेला?’ तिने विचारलं.
मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी, पहाटे चारला.
तिने पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.

तो रकाना मी भरलेला नाही.
मागाहून वेळ घालणं म्हणजे खोटी नोंद,
हे धोरण माझ्याच अक्षरात आहे.

प्रमाणपत्र मे महिन्यात आलं.
लाल बिल्ला अजून आलेला नाही.
तो हरवल्याचं कळवायला हवं होतं
चोवीस तासांच्या आत.