घट

जळगाव, एमआयडीसी, व्ही सेक्टर.
दुपारी साडेतीनला रॉटरडॅमहून तक्ता आला,
चव्वेचाळीस रकाने.
बाहेर ऊनही तितक्याच अंशांचं.
सुपडूअण्णांनी पंखा एकावर आणला,
माझी व्हाउचरं फडफडतात म्हणून.

सतरावा रकाना: प्रमाण घट, प्रत्यक्ष घट,
फरकाचं कारण पन्नास अक्षरांत.

शंभर किलो तूर आत जाते.
डाळ बहात्तर, चुनी तेरा,
फोल साडेअकरा, दगडमाती दोन.
उरला दीड किलो
अण्णांच्या वहीत 'हवा' या नावानं,
बत्तीस वर्षं, जांभळ्या शाईत.

मी एम.कॉम., धुळ्याची.
ओल मोजायचं यंत्र मागवलं.
यंत्र म्हणालं, ओल गेली एक किलो.
मग अर्ध्या किलोची हवा कुठली, अण्णा?

चुन्याची डबी उघडत म्हणाले,
"पाच वाजता फाटकापाशी उभी ऱ्हाय, माय."

राहिले.
निवडणाऱ्या बायका निघाल्या,
पिंप्राळ्याच्या, मेहरूणच्या,
इंदूबाई, नजमा, भंगाळ्यांची नवी सून.
पदराला गाठ, ओढणीचं टोक मुठीत,
कुणाच्या डब्याचं झाकण नीट न बसलेलं.
वॉचमन आभाळाकडे बघत होता.
आभाळात काहीच नव्हतं.

टेबलाशी परत येऊन मी आकडे मांडले:
ही मूठ रोजीत धरली तर
इतकी वाढ, इतका पीएफ, किलोमागे इतके पैसे.
स्वच्छ हिशेब. रॉटरडॅमला आवडला असता.
अण्णांनी कागद दोनदा वाचला.
"मालक रोजी वाढवनार नाहीत," म्हणाले,
"पन हवेवरून ते कधी भांडले नाहीत."

रात्री आठला मी रकाना भरला.
कारण: स्थानिक हवामान.
अक्षरं मोजली, पुष्कळ उरली.
आणि खाली एक प्रश्न घातला, नम्रपणे,
की आपल्याच तक्त्यात शेवटून दुसरा रकाना 'इतर' आहे,
दरवर्षी त्यात तेवढाच आकडा असतो,
त्यात आपण काय काय घालता?

तिकडून पोच आली. उत्तर नाही.

घरी जाताना रेल्वेचं फाटक लागलं.
स्कूटी बंद करून उभी राहिले.
रुळांपलीकडच्या खोल्यांतून लसणाची, लाल मिरचीची फोडणी,
फौजदारी डाळच असणार.
दीड टक्का, मी मनात नोंदलं.
नाही, अर्धा.
एक टक्का खरंच ओल आहे.