कॅबिनेटसाठी अकराशे चाळीस

पंचायतीच्या मतदारयाद्या टाइप केल्याचं बिल
सात महिने फाइलीत पिकत पडलं, मेमध्ये उतरलं.
तेवीस हजार.
त्यात बोर्ड, प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, एसएसडी,
आणि पॉवर सप्लाय, तो मात्र स्वस्तातला नको,
असं भाच्यानं, प्रज्योतनं, दोनदा बजावलेलं.
बेरीज केली. कॅबिनेटसाठी उरले अकराशे चाळीस.
देशात आधी कॅबिनेट, मग बजेट.
माझ्या घरी उलटं.

म्हापशाच्या दुकानात काचेची कॅबिनेटं ओळीनं उभी,
पोटात तीन-तीन पंखे,
जत्रेतल्या पाळण्यासारखे रंग बदलत फिरणारे.
पोरगा म्हणाला, मॅडम, आतलं सगळं दिसतं.
कोण येतं माझ्याकडे आतलं बघायला?
भजनस्पर्धेच्या पत्रकाचं प्रूफ तपासायला
वाघुर्मेकर सर येतात, तेही चष्मा विसरून.
बोटानं दाबला तर पत्रा आत गेला,
फरसाणाच्या डब्यासारखा.
किंमत चार हजार आठशे.
मी म्हटलं, येते परत.
तो ओळखून हसला.

डिचोलीला येऊन जुनंच उघडलं.
दार परकराच्या नाडीनं बांधलेलं,
बटण मेलेलं; दोन वायरी एकमेकींना टेकवून
अकरा वर्षं मी हे मशीन उठवत आले.
तळ गंजून सुटलेला,
बोर्ड धरायला सहापैकी दोनच खुंट्या.
आणि पंख्यावर बोटभर लाल.
गेरू नव्हे. कुंकू तर नव्हेच.
खनिजाची लाल,
जी तेव्हा केळीवर, शिजल्या भातावर,
दोरीवरच्या धुतल्या साडीवर बसायची.
आम्ही ट्रकवाल्यांना शिव्या घालत ती झटकायचो
आणि त्यांचीच बिलबुकं छापून हप्ते भरायचो.
ट्रक थांबले.
धूळ थांबली, बिलबुकंही.
एवढीच राहिली इथे, अंधारात,
मशीनबरोबर तापत नि निवत.

आग्नेल मिक्सर दुरुस्त करतो, पंपही,
कंपन्या बंद पडल्या की त्यांची भंगार टेबलं उचलतो.
"काच कित्याक गो बाय तुका?
हें पळय. लोखंड."
काळं, कोपरे पांढरे पडलेलं,
बाजूला रंगानं लिहिलेलं: ऑफिस ३, टेबल ७.
उचललं तर कंबर बोलली.
पर्समधली शिवणाची टेप काढली,
बोर्ड चोवीस सेंटिमीटर, आत जागा तीस.
खुंट्या मोजल्या, सहाच्या सहा.
नऊशे म्हणाला. आठशे पन्नासला दिलं,
स्क्रूची पुडी वर.

घरी आडवं पाडून पुसताना
तळाच्या फटीत एक पावती सापडली,
वजनकाट्यावरची.
भरलेला ट्रक सोळा हजार दोनशे.
रिकामा सहा हजार शंभर.
माल: हा रकाना कोरा.
कोणीतरी वजाबाकी करायची ठेवून उठला होता.
आणि वर मथळा, "वजनकट्याची पावती".
काना नाही.
ही माझी चूक. पाच हजार प्रती.
तेव्हा कोणालाच दिसली नाही, ट्रकवाल्याला नाही,
कारकुनाला नाही, मला तर नाहीच;
इतकं काम होतं.

रात्री प्रज्योत फोनवर, मी फरशीवर.
मावशी, उलटं लावतेयस. मावशी, जोर नको.
उरलेल्या पैशांत एक पंखा, बिनदिव्याचा.
दोन स्क्रू जास्त झाले. कुठले, त्यालाही कळेना.
जुनी धूळ ब्रशनं कागदावर घेतली,
पुडी बांधली, आणि मग कुठे ठेवू हे सुचेना,
म्हणून अजून शाईच्या डब्यामागे आहे.

बटण दाबलं.
नुसतं बटण.
हिरवा ठिपका लागला. आवाज जवळजवळ नाही,
इतका, की दोनदा वाकून कान लावला.

जुन्या डिस्कवर ती फाइल होती.
उघडली. काना दिला. सेव्ह केली.
कोणी छापायला मागणार नाही.
मग वाघुर्मेकर सरांचं पत्रक घेतलं,
प्रवेश फी दोनशे रुपये, पखवाजी स्वतःचा आणावा.