पंचावन्न मिलिमीटर

कोडोलीच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
मी काळ्या नायलॉनचा दांडा चकमध्ये धरतो
आणि विचारतो, "किती बाहेर ठेवू?"

मृणाल साबळेची निळी गाडी दारात उभी,
स्टँडवर एका अंगाला कललेली.
फेअरिंग इतकं नितळ
की त्यात अजिंक्यतारा वाकडा दिसतो, टॉवरसकट.
ती म्हणते, "काका, फार बाहेर नको,
गाडीला शिंगं फुटल्यागत दिसतं."

पस्तीस ठेवलं तर डोळ्याला खुपत नाही.
पण गाडी आडवी झाली की आधी टेकतं फेअरिंग,
मग क्लचचं कव्हर,
आणि सगळं उरकल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यासारखा
शेवटी स्लायडर.
पंचावन्न ठेवलं तर पहिला तोच.
सत्तर ठेवलं तर मार थेट चेसिसला:
दांडा लांब, पिरगळ मोठी.
तरफेचं गणित मी आयटीआयत पाठ केलं होतं,
कळलं ते पहिला बोल्ट वाकल्यावर.

शिवाय भोक.
पंचावन्नसाठी फेअरिंगला भोक पाडावं लागतं,
तीस मिलिमीटर व्यासाचं, आरपार.
तिनं त्या जागेवर तळहात ठेवला,
गाईच्या वशिंडावर ठेवतात तसा.

"आणि पडायचंच नाही म्हटलं तर?"
"मग पस्तीस तरी कशाला?"

ती गप्प झाली.
यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावरची मूठभर खडी
माझ्या गुडघ्यात अजून आहे.
पण मी पँट वर केली नाही.
गुडघा दाखवून धंदा करायचा नसतो.

मग सुरू झाली घासाघीस.
मी दांडा गाडीला लावून धरायचा,
तिनं रस्त्यापलीकडे जाऊन एक डोळा मिटायचा.
"अजून आत. अजून थोडा."
"चाळीसवर आलो, बाई."
"पंचेचाळीस?"
"हा काय वाटाणा आहे?"
शेवटी ठरलं: पंचावन्नच,
पण टोक निमुळतं, कड मोडलेली,
वर चकाकी नको.

लेथ फिरली.
काळी साल न तुटता निघत राहिली,
माझ्या चपलेभोवती तिचं वेटोळं झालं.
भोक पाडायला होलसॉ लावला
तेव्हा ती बाहेर जाऊन उसाचा रस प्यायली,
दोन ग्लास.

ती पडली.
कासच्या वाटेवर नाही,
बोरणे घाटात नाही,
जिथं पडलं तर सांगायला बरं, तिथं कुठंच नाही.
गोडोलीच्या पेट्रोल पंपावर, वेग शून्य.
स्टँड पुरता उघडला नव्हता.

आली ती न बोलता.
मी वाकून बघितलं: लिव्हर सरळ,
टाकी कोरी, इंजिनला ओरखडा नाही.
फक्त डाव्या स्लायडरच्या खालच्या कडेला
रुपयाएवढा चट्टा,
त्यात पंपाच्या काँक्रीटची पांढरी कणी रुतलेली.
मी नखानं काढायला गेलो. निघाली नाही.

"नवा करून देऊ?"
"चालतोय की हा."
"चालतो. पण बघ,
असाच ठेवला तर चट्टा खाली राहतो, कुणाला दिसत नाही,
पण पुढच्या वेळी तीच झिजलेली बाजू टेकणार.
अर्धा फेरा फिरवला
तर कोरी बाजू खाली येते, पडायला तयार,
आणि चट्टा वर. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार."

मला वाटलं, आता पुन्हा रस्ता ओलांडणार,
पुन्हा एक डोळा मिटणार,
माझी दुपार गेली.

"फिरवा," ती म्हणाली.
"सात माणसांनी बघितलंय मला पंपावर.
एक तर हवा भरायची सोडून आला होता उचलायला."

मी आठ नंबरची ॲलन-की शोधू लागलो.
ती नेहमी लागते तेव्हाच
सालीच्या ढिगाखाली असते.