थप्पी लागत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात, गोदाम चारमध्ये,
हळदीची पोती आली दहा हजार सात.
पायगोंडा मगदूम म्हणाले, सारख्या थप्प्या लावा.

सातासातांनी लावली, चार उरली.
अकरांनी आठ. तेरांनी दहा.
दिलावर हमाल टॉवेल झटकत म्हणाला,
दर खेपेला तीनच कमी पडत्यात की ओ!
खरंच होतं.
आणखी तीन असती, तर तिघांनाही पुरली असती.
पण तीन नव्हती.

मी पावतीच्या पाठीवर भागत बसलो
सत्त्याण्णवपर्यंत.
पुढं बघायची गरज नव्हती,
शंभराचे शंभर म्हणजे आलेच दहा हजार.
पंचवीस मूळ संख्या, पंचवीस बाक्या.
शेवटची सोळा.
चहा गार झाला, वर पिवळी साय.

संध्याकाळी एक पोतं नमुन्याला गेलं.
उरलेली दोघा भावांनी निम्मी निम्मी घेतली,
पाच हजार तीन, पाच हजार तीन.
म्हटलं, सुटलो.
पेन्सिल पुन्हा सदुसष्टपर्यंत गेली
आणि तिथंही पंचेचाळीस उरली.
एकातून दोन झाली, दोन्ही तशीच हट्टी.

आयर्विन पुलावर सायकल थांबवून हात बघितले.
नखांत हळद.

वहीत लिहून आलोय:
पोती बरोबर.
थप्पी लागत नाही.