वजावट

टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं पाचवी 'ब'मधल्या रुबिना मुलाणीकडे.
माझा मदतनीस आलाच नाही, बाईंनी हिला पाठवली.
शून्य घट्ट धर, मी म्हणाले.
तिनं ते भिंतीच्या कोपऱ्यात दाबलं
दोन्ही अंगठ्यांनी,
जणू सुटलं तर सगळी शाळाच
सर्रकन गुंडाळली जाईल.

ओढ्याच्या पुराची रेघ
आता नव्या गिलाव्याखाली गेली.
"इथवर होतं पाणी," म्हणत रुबिना
कोऱ्या भिंतीवर बोट ठेवते.
बरोबर तिथेच.
माझ्या वहीत तेवढी उंची आहे, एक मीटर चाळीस.
तिच्या वहीत काय काय भिजलं, ते ती सांगत नाही.

लांबी गुणिले उंची,
वजा दारं, वजा खिडक्या.
खिडकी म्हणजे भिंत नव्हे,
तिचे पैसे ठेकेदाराला देता येत नाहीत.
चौदा वर्षं महापालिकेत मी हेच करते,
उजेडाची वजावट.

पूर्वगणनपत्रक एक कोटी बारा लाखांचं होतं.
छत, वायरिंग, जिन्याचा कठडा,
मुलींची आठ स्वच्छतागृहं.
मंजूर झाले बावन्न.
"बसव त्यात," गायकैवारी साहेब म्हणाले.
बसवलं.
छत पुढच्या वर्षी, तरतूद उपलब्ध झाल्यास.
मग वर्गीकरण आलं, अकरा लाख
एका चौकातल्या कारंज्याला गेले.
पाहिलंय मी ते कारंजं.
बंद असतं, पण रंगीत आहे.
मग निविदा उघडली, भंडलकर अठ्ठावीस टक्के खाली.
अठ्ठावीस टक्क्यांत काय काय कमी होतं
ते वाळूला कळतं, सिमेंटला कळतं,
आणि सही मी करते.
एकतीस मार्चला चार दिवस उरलेत.
बिल गेलं नाही तर उरलेलेही जातील.

ढमढेरेबाई व्हरांड्यात उभ्या.
दर्शनी भिंतीवर पेन्सिलवर बसून उडणारी मुलं काढलीत,
त्याबद्दल त्या काही बोलत नाहीत.
म्हणाल्या, "दारं छान बसलीत हो.
कड्या?"
कड्या यादीत नव्हत्या.
बावन्नात बसवताना मीच कुठेतरी गाळल्या असतील.
"एक आत जाते, दुसरी पाय लावून दार धरते.
म्हणून माझ्या प्रत्येक वर्गात सतत दोघी कमी.
आणि सातवीतल्या तर
महिन्याचे चार दिवस येतच नाहीत.
तुमच्याकडे ते कुठे मोजतात?"

कडी, लोखंडी, नग आठ,
एकशे वीस रुपये दरानं नऊशे साठ.
जादा बाब म्हणून फाईल केली
तर तीन टेबलं, पाच सह्या, आणि जून.

जिन्यात सहा झरोके आहेत, एकाच मापाचे.
नियम असा की
अर्ध्या चौरस मीटरच्या आतलं भोक
वजा करत नाहीत,
ते भिंतच समजतात.

"रुबिना, आता आकडा तू वाच,
शून्य मी धरते."
"बहात्तर."
लिहिलं.
"ऐंशी."
मी अडुसष्ट लिहिलं.
सहाही झरोक्यांना अडुसष्ट.
सहा झरोके कागदावर बुजले,
नव्या गिलाव्यासकट.
फोनवर भंडलकरांना म्हणाले,
उद्या आठ कड्या लावून द्या, मग सही.
ते हसले. त्यांना हिशोब
माझ्याआधी आला होता.
आठ रुपये कमी पडतात, म्हणाले, असू द्या.

असू द्या.
या शब्दावर किती छतं उभी आहेत पुण्यात,
मला ठाऊक आहे.
आज मीही त्यावर पाय दिला.

रुबिना वहीत डोकावली.
"ऐंशी होतं ना, मॅडम?"
हो.
"मग?"
झरोक्यातून दुपारचं ऊन
तिच्या तोंडावर पडलं होतं,
पूर्ण ऐंशीचं.

सोड टेप, मी म्हणाले.
तिनं सोडली.
टेप सपकन माझ्याकडे आली,
सगळे आकडे आत गेले,
आणि शून्य
या वेळी माझ्याच हातात होतं.